लुशोटोतली स्वस्त खोली असुरक्षित असते, हे खरे नाही

टांझानियाला निघालेल्या मराठी प्रवाशांमध्ये सध्या एक सल्ला हातोहात फिरतो आहे. लहान गावांतली स्वस्त गेस्टहाऊस धोक्याची असतात, म्हणून गावाबाहेरचे महागडे लॉजच घ्यावे आणि त्याचे सगळे पैसे भारतातूनच भरून टाकावेत, असा त्याचा आशय आहे. उसांबारा डोंगरातल्या लुशोटोत मी अशाच स्वस्त जागांत राहिलो आहे. हा सल्ला मला चुकीचा वाटतोच, शिवाय तो एकट्या प्रवाशाला नको त्या अडचणीत टाकू शकतो.

भाडे कमी म्हणजे सुरक्षितता कमी, हे त्यातले पहिले गृहीतक. स्वाहिलीत जिला ‘गेस्टी’ म्हणतात ती जागा मुळात पर्यटकांसाठी नसतेच. तिथे भाजीचे व्यापारी, कामानिमित्त आलेले शिक्षक आणि सरकारी कर्मचारी उतरतात, आणि भाडे त्यांच्या खिशाला परवडेल इतकेच ठेवलेले असते. मी राहिलो तिथे मधल्या अंगणाभोवती खोल्या होत्या, आत येण्याचे दार एकच होते आणि रात्रभर त्या दाराशी रखवालदार बसलेला असे. आल्या आल्या पुढे आलेल्या जाडजूड नोंदवहीत नाव, पासपोर्ट क्रमांक, कुठून आलो, कुठे जाणार, एवढेच नव्हे तर ‘काबिला’ म्हणजे जमात हाही रकाना होता. आपल्या कुटुंबकबिल्यातला कबिला तो हाच, दोन्हीकडे अरबीतून आलेला. कोण आले आणि कोण गेले याची अशी लेखी नोंद ठेवणारी जागा केवळ स्वस्त आहे म्हणून संशयास्पद ठरत नाही.

गावाबाहेरचे लॉज अधिक सुरक्षित, हा दुसरा दावा अंधार पडण्याची वेळ विसरतो. विषुववृत्ताजवळ असल्यामुळे इथे वर्षभर संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमारास काळोख होतो. डोंगरपायथ्याच्या मोम्बो गावाला महामार्ग सोडून लुशोटोचा घाट चढणारी गाडी उशिरा पोचली, तर पाठीवर सामान घेऊन अनोळखी बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, अंधारात कच्च्या रस्त्याने जावे लागते. त्या वेळी स्टँडपासून पाच मिनिटांवरची साधी खोलीच शहाणपणाची. स्वाहिली घड्याळाचे भानही इथे हवे, कारण तिथले तास सकाळी सहापासून मोजतात आणि ‘सा म्बिली’, म्हणजे दोन वाजता, सुटणारी सकाळची बस आपल्या घड्याळात आठला सुटते.

सगळे पैसे आधी भरण्याच्या सल्ल्याला तर माझा ठाम विरोध आहे, कारण पैसे भरले की खोली नाकारण्याची मोकळीक उरत नाही. मी आधी खोली पाहतो, दार लावून आतली खिट्टी नीट बसते का ते स्वतः ओढून पाहतो, खिडकीचे गज हलवतो आणि मच्छरदाणी उजेडासमोर धरून भोके शोधतो. लुशोटो सुमारे 1,400 मीटर उंचीवर असल्याने डास कमी, पण खाली मोम्बोत राहायची वेळ आली तर मलेरियाचा धोका खरा आहे. चौकशी मात्र ‘हॉटेली’ची करू नये, आपल्याकडच्या हॉटेलासारखाच त्या शब्दाचा अर्थ तिथे बहुधा खानावळ असा घेतला जातो.

काही जागा खरोखरच धोक्याच्या असतात, ही या सल्ल्यातली एक गोष्ट मला मान्य आहे. खाली दारूचा बार आणि वर खोल्या, अशी जागा स्वस्त असो वा महाग, टाळावीच. तिथे रात्रभर अनोळखी माणसांची ये-जा असते आणि एकट्या स्त्रीने तर तिथे मुळीच उतरू नये, असेच मी सांगेन. पण त्यावरचा उपाय महागडे लॉज हाच नव्हे. लुशोटोजवळ इरेंटेला लुथरन चर्चच्या शेतावर राहण्याची सोय आहे, आणि पुढे केनियात नैरोबी-मोम्बासा रस्त्यावरच्या माकिंडूला रेल्वेवरच्या शीख कामगारांनी 1926 मध्ये उभारलेला गुरुद्वारा आजही कोणत्याही धर्माच्या वाटसरूला जेवण आणि मुक्कामाची जागा विनामूल्य देतो.