‘वाया’ जाणारं पाणी

घरच्या ग्रुपवर परवा पुन्हा तेच वाक्य फिरलं. कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून सुटलेलं पाणी, ६७.५ टीएमसी, वाशिष्ठीतून ‘समुद्रात वाया जातं’. ते उचला, मुंबईला न्या, नाहीतर आणखी कुठे न्या, पण वाया घालवू नका. चिपळूणच्या दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाने, खाली तीन अंगठे ठोकले. मला राहवलं नाही. लिहिलं, “दादा, नदी समुद्राला मिळाली तर वाया कशी गेली? मग खाडीने काय नळाचं पाणी प्यायचं?” दादाचं उत्तर लगेच आलं: “इथे वाडीत टँकर सुरू झालाय. तू तिकडून शिकव आम्हाला.”

तिकडून. हा शब्द मला बरोबर लागतो, आणि दादाला ते माहीत आहे.

मी फोन खिशात टाकला आणि मार्शवर, म्हणजे काठच्या पाणथळीवर गेलो. कॅनडातल्या बेलव्हिलला आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटं. ओंटारिओ सरोवराचा एक लांब वाकडा हात आमच्याकडे आत येतो, बे ऑफ क्विंटी. बर्फ उतरून आठवडाच झाला होता. रस्त्याखालच्या मोरीपाशी, घोट्याच्या जेमतेम वर असलेल्या पाण्यात, गवत हललं. पाईक. हिरवट पाठ, पिवळे ठिपके, बदकाच्या चोचीसारखं चपटं तोंड. हातभर लांबीची मादी आणि तिला खेटून दोन लहान नर. एवढं अथांग सरोवर सोडून हे मासे ओल्या गवतात कशाला घुसतात, हे शेजारच्या बाईंनी मला पहिल्या वर्षी समजावून सांगायला घेतलं होतं. मला त्याची गरज नव्हती. आमच्याकडे याला चढण म्हणतात. वलगणीचे मासे. जूनचा पहिला दणका पडला की मासे नदी सोडून पऱ्ह्यातून, म्हणजे ओढ्यातून, भातखाचरात शिरायचे, आणि दादा नि मी बॅटरी, कोयती नि टोपली घेऊन त्यांच्या मागे. गाबोळीने पोट फुगलेले मासे. त्यातली किती अंडी खाचरात पडली असती, हा हिशेब तेव्हा कोणी केला नाही. काकूच्या हातचं कालवण मात्र अजून आठवतं.

मुद्दा पाण्याच्या पातळीचा आहे. पाईकची अंडी बुडालेल्या गवताला चिकटतात. पिल्लं स्वतः पोहू लागेपर्यंत काही आठवडे पाणी उतरता कामा नये. उतरलं की अंडी जागेवर वाळली. आणि ते गवत मुळात तिथे असायला हवं. इथेच माझ्यासारख्या धरणाच्या राज्यात वाढलेल्या माणसाचं गणित चुकतं. आपल्याला वाटतं, पाणी वर्षभर एका रेघेत राहिलं तर माशांची चैन. सरोवराचं पाणी समुद्राकडे नेणाऱ्या सेंट लॉरेन्स नदीवर, कॉर्नवॉलला, मोझेस-साँडर्स धरण १९५८ मध्ये झालं. त्याआधी ओंटारिओ सरोवर कोरड्या वर्षी खाली जायचं, ओल्या वर्षी वर यायचं, दोन टोकांत जवळपास दोन मीटरचा फरक. धरणाने ही उघडझाप आवळली. जहाजांना बरं, विजेला बरं, किनाऱ्यावरच्या कॉटेजवाल्यांना तर फारच बरं. लव्हाळ्याची कुरणं मात्र गेली. त्यांना अधूनमधून उघडं पडणंही लागतं आणि बुडणंही. दोन्ही थांबलं तशी पाणकणसाने भिंतीसारखी दाटी केली आणि पाईकची वाट बंद झाली. महापुरात लव्हाळी वाचतात, हे आपण शाळेत घोकलं. पूर आलाच नाही तर ती मरतात, हे मला इथे येऊन कळलं.

मग जानेवारी २०१७ पासून नवा नियम आला, प्लॅन २०१४. पातळीला थोडं मोकळं सोडायचं, म्हणजे किनाऱ्याची सुमारे २६ हजार हेक्टर पाणथळ जमीन सावरेल, असा अंदाज. मी हे सगळं आकड्यांसकट ग्रुपवर टाकलं. बघ दादा, कॅनडा नि अमेरिका, दोन देश मिळून माशांचा विचार करून पाणी सोडतात, आणि आपण अजून ‘वाया’वरच अडलोय.

पुढचं टाकलं नाही.

त्याच २०१७ च्या मे महिन्यात सरोवर ७५.८८ मीटरवर गेलं, तोवरचा विक्रम. टोरंटोची बेटं जुलै संपेपर्यंत लोकांना बंद. २०१९ च्या जूनमध्ये त्याहूनही वर, ७५.९२. त्या वर्षी न्यूयॉर्क राज्य कोर्टात गेलं. आमच्या तळघरात सम्प पंप रात्रंदिवस घरघरत होता आणि कार्पेटला कुबट वास सुटला होता. गल्लीतला एकजण कागद घेऊन दारात आला: माशांसाठी माणसं बुडवू नका, अशा अर्थाचा. मी सही केली. दोनदा वाचलंसुद्धा नाही. खरं तर दोन्ही वर्षी पाऊस मुलखाबाहेरचा होता, ओटावा नदीही त्याच वेळी फुगलेली, आणि कॉर्नवॉलची दारं सताड उघडली असती तर खाली माँट्रियल बुडालं असतं. हे सगळं मी नंतर वाचलं. कार्पेट वाळल्यावर.

आणि याच धरणाने अहिराची, म्हणजे सापासारख्या लांब माशाची, काय दशा केली, तेही मी ग्रुपवर गाळलं. इथला अहिर दूर अटलांटिकमध्ये जन्मतो आणि नदी चढून सरोवरात येतो. धरणावर त्याच्यासाठी १९७४ पासून शिडी आहे. पण मोठा होऊन परत समुद्राकडे निघाला की वाटेत टर्बाइन. शेवटी २००४ मध्ये ओंटारिओने अहिराची व्यापारी मासेमारीच बंद केली. वाशिष्ठीतला अहिरही समुद्रातूनच येतो. पाणी ‘वाया’ जातं त्याच समुद्रातून. हा मुद्दा खरं तर माझ्या बाजूचा होता, पण शिडीबरोबर टर्बाइनही सांगावं लागलं असतं.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी दादाच्या घरात पंख्यापर्यंत चढलं. मी पैसे पाठवले आणि सोबत नदीला तिची जागा देण्याबद्दलच्या एका लेखाची लिंक. दादाने लिहिलं, “पैसे मिळाले.” लिंकबद्दल काही नाही. आता आठवलं तरी कान गरम होतात.

तर परवा मोरीवरून मी त्याला पाईकचा व्हिडिओ पाठवला. भांडण मिटवायला म्हणा. खाली लिहिलं, “चढण लागली.”

दादाने तो दोनदा पाहिला असणार, उत्तराला वेळ लागला. “मोठे आहेत रे. पकडतात का?”

“परवाना लागतो. तू यंदा जूनमध्ये आपल्या खाचरातला व्हिडिओ पाठव. मुलांना दाखवतो.”

“आपल्या खाचरात आता चढत नाहीत.”

मी विचारलं, कधीपासून? गेली नऊ वर्षं मी डिसेंबरात घरी जातो, तिकिटं तेव्हा मुलांच्या सुट्टीला जुळतात. डिसेंबरात पऱ्ह्याला धड पाणी नसतं.

“पुरानंतर पऱ्ह्याला भिंत बांधली ना आपण. तुझ्याच पैशातून.”