'सुनेला शोभत नाही' म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार.

म्हाताऱ्या माणसांचा बद्धकोष्ठ आणि माझ्या सासूबाईंचं आजारपण यांवर मी गेल्या आठवड्यात लिहिलं, त्यावर आपली प्रतिक्रिया परवा रात्री आली. नावाच्या जागी 'मडगावचा एक मुलगा' एवढंच आहे. इतर वाचकांसाठी सांगते, आपलं म्हणणं असं: कमोडवर बसताना पायांखाली पाट घ्या हा माझा सल्ला चुकीचा, सरसकट पाणी वाढवायला सांगणं धोक्याचं, आणि कडधान्यं-भाज्या वाढवल्यावर आपल्या वडिलांचं पोट फुगलं, तेव्हा आजोबांच्या वेळचं एरंडेलच बरं. मग शेवटचं वाक्य, जसंच्या तसं: "ज्या बाईने घरच्या पुरुषांसमोर कधी मोठ्याने पाणीसुद्धा मागितलं नाही, तिच्या परसाकडचा हिशेब तुम्ही चारचौघांत मांडलात, हे सुनेला शोभत नाही."

पाटाचं मान्य. पाट जेमतेम दोन इंचांचा असतो. गुडघे कंबरेच्या वर यायला सहा-सात इंचांचं स्टूल लागतं. मलाशयाला एका स्नायूचा वेढा असतो, उकिडवं बसलं की तो सैल पडतो आणि वाट सरळ होते. खालच्या संडासात हे आपोआप व्हायचं, कमोडवर मुद्दाम करावं लागतं. आमच्या घरात स्टूलच होतं, लिहिताना हातून पाट झाला. चूक माझी. पण पाण्याचं तसं नाही. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापापलीकडे जाऊ नका, असं त्याच लेखात शेवटाकडे लिहिलेलं आहे. आपण तिथवर वाचलं नाही, हे उघड आहे.

आता ते शेवटचं वाक्य. दोन रात्री ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

२०१३ च्या पावसात सासूबाई मागच्या दारच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या. वय ७९. मनगट मोडलं, कंबरेला मुका मार. घरी आल्या तेव्हा सोबत तीन गोळ्या होत्या: दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल, रक्त वाढायला लोहाची आणि हाडांसाठी कॅल्शियमची. तिन्ही पोट बांधणाऱ्या. कुणी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. त्यात चालणं बंद. आणि रात्री मला उठवायला लागू नये म्हणून त्यांनी संध्याकाळी पाचनंतर पाणी पिणं सोडून दिलं होतं. हे मला फार नंतर कळलं. पुढे जेवणही कमी केलं, कारण खाल्लं तर जावं लागेल, आणि जायचं म्हणजे सुनेचा हात धरून जायचं.

किती दिवस पोट साफ झालं नव्हतं ते आजही मला नक्की सांगता येत नाही. मोजलं कुणी होतं? मी घरात होते, नवरा होता, दोन्ही नणंदा येऊन-जाऊन होत्या. भूक लागते का, झोप येते का, दुखतं का, सगळं विचारत होतो. हे एक विचारायचं नसतं म्हणून विचारलं नाही. तुम्ही ज्याला मर्यादा म्हणता ना, ती आमच्या घरात पुरेपूर होती.

मग एके दिवशी लुगड्याला पातळ डाग दिसला. दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं. आम्हाला वाटलं जुलाब लागले. औषधाच्या दुकानातून जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या आणल्या आणि मीच माझ्या हाताने दिल्या. आत मळाचा घट्ट गोळा अडकून बसला होता आणि त्याच्या कडेने पातळ पाझरत होतं. अडकलेल्या माणसाला आम्ही आणखी अडकवलं. तिसऱ्या दिवशी लघवी तुंबली आणि त्या असंबद्ध बोलू लागल्या. इस्पितळात नेलं तेव्हा हातमोजा घालून बोटांनी तो गोळा काढावा लागला. पडद्याआड मी त्यांचा हात धरून उभी होते. त्या रडत होत्या आणि मला म्हणाल्या, "तुका कशें सांगूं गो?"

भाऊ, हा प्रश्न ज्या सुनेला विचारला गेला तिला काय शोभतं ते तुम्ही ठरवू नका. पाच वर्षं, आठ महिने मी त्यांचं सगळं केलं. तुम्ही तुमच्या वडिलांचं करता का? की घरात कुणी बाई आहे ती करते? राग आला असेल तर येऊ द्या, मलाही आला होता.

घरी परतल्यावर डॉक्टरांना विचारून गोळ्या बदलून घेतल्या. मग सकाळ बसवली. उठल्यावर कोमट पाणी, मग चहा आणि पोदेराचा, म्हणजे आमच्या पाववाल्याचा, पाव. पोटात काही गेलं की मोठं आतडं आपोआप हलतं, आणि सकाळी ते सगळ्यांत जोरात हलतं, म्हणून चहानंतर वीसेक मिनिटांनी कमोडवर, पायांखाली स्टूल, कोपरं गुडघ्यांवर. दहा मिनिटांत झालं तर झालं, नाहीतर उठायचं, कुंथायचं नाही. कुंथताना रक्तदाब एकदम उतरून संडासातच पडलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. दहा वाजता उकड्या तांदळाची पेज आणि मिस्कूट, म्हणजे आमचं कैरीचं लोणचं. आमच्या जुन्या लोकांची ही दहाची पेज मला फार शहाणपणाची वाटते. ज्याला पाणी प्यायचा कंटाळा, त्याच्या पोटात ती वाडगाभर पाणी तक्रारीविना घालते. दुपारी तांबडी भाजी, कधी अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), कधी मुगाची गाठी (मोडाच्या मुगांची आमटी), आणि परसातली पपई. संध्याकाळी अंगणात तुळशीपर्यंत पाच फेऱ्या.

आणि बोलायचं कसं, तर न बोलता. १९९७ साली प्रसिद्ध झालेला ब्रिस्टलचा तक्ता आहे, त्यात शौचाचे ७ प्रकार चित्रांनी दाखवले आहेत. १ म्हणजे शेळीच्या लेंड्या, ७ म्हणजे निव्वळ पाणी, ३ आणि ४ उत्तम. मी तो प्रिंट काढून त्यांना दाखवला. आधी त्यांनी तोंड फिरवलं. मग आठवड्याभरात त्या न्हाणीतून बाहेर येऊन नुसती बोटं दाखवू लागल्या. चार बोटं वर, की मी कॅलेंडरवर ४ लिहायची. पाहुणे बसलेले असले तरी कुणाला काही कळायचं नाही. एकही शब्द नाही, लाज नाही. रोजच झालं पाहिजे असा आमचा हट्ट नव्हता. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढं सगळं ठीकच धरतात. त्या माणसाच्या नेहमीच्या सवयीत बदल झाला का, ते बघायचं असतं. कॅलेंडर त्यासाठी.

पुढे शेजारच्या दोघी म्हाताऱ्यांना हा तक्ता सासूबाईंनीच दाखवला. ओटीवर बसून, माझ्यासमोर. २०१९ मध्ये त्या गेल्या, वेगळ्याच आजाराने. तेव्हा त्यांच्या अब्रूची काळजी मडगावात बसून कुणी माझ्यापेक्षा जास्त करू नये.

राहिलं एरंडेल. ते आतड्याला पीळ घालून जोरात जुलाब करवतं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या अंगातलं उरलंसुरलं पाणी आणि क्षार त्याने जातात. आजोबा त्या गोळ्या घेत नव्हते. यावर वाद घालायची माझी इच्छा नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला लिक्विड पॅराफिन हे तेलकट रेचकही पाजू नका, फुप्फुसात उतरतं. फायबरने पोट फुगलं म्हणता, तर एकदम वाढवलं असणार. ते दोन-तीन आठवड्यांत थोडं थोडं वाढवायचं असतं, आणि इसबगोल असेल तर भरलेल्या पेल्याबरोबर, कधीही सुकं नाही, घशात फुगतं. आधीच आत घट्ट बसलेलं असेल तर वरून कोंडा घालून काही होत नाही, आधी ते मोकळं करून घ्यावं लागतं.

तुमच्याच प्रतिक्रियेत मध्ये एक ओळ आहे: "बाबा चार-चार दिवस जात नाहीत, पण त्यांची कधी तक्रार नसते." सासूबाईंचीही नव्हती. हे चार दिवस पूर्वीपासूनचे की अलीकडचे? ते कुठल्या गोळ्या घेतात? गुडघेदुखीची, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेली, खोकल्याचं कोडीनवालं औषध? रक्त पडतं का, वजन उतरलंय का? असेल तर घरगुती उपाय राहू द्या, त्यांना उद्याच डॉक्टरकडे न्या. तोंडाने विचारायला जड जात असेल तर तक्ता मागवा, मी पाठवते.

पाटाच्या जागी स्टूल अशी दुरुस्ती मूळ लेखात केली आहे. सासूबाईंबद्दलचा मजकूर आहे तसाच राहील.