सुळक्यावरची जुनी स्लिंग आणि ‘ओढून बघा’वाला मेसेज

‘नायलॉन कुजत नाही, शंभर वर्षं टिकतं. सुळक्यावर आधीच्यांनी सोडलेल्या स्लिंगा (उतरताना दोर अडकवायला कातळाभोवती बांधलेले पट्टीचे फास) बिनधास्त वापरा. फिक्या पडल्या तर नुसता रंग गेलाय. शंका आलीच तर दोघांनी ओढून बघा.’ हा मेसेज फिरत फिरत भाच्याच्या ग्रुपवर पोचलाय आणि ती पोरं रविवारी वानरलिंगी सुळक्यावर निघालीयत. म्हणून हा खटाटोप.

नायलॉन कुजत नाही, हे खरं. बुरशीला ते दाद देत नाही, उन्हाला मात्र देतं. २९० ते ४०० नॅनोमीटरची अतिनील किरणं रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात, तुटल्या जागी ऑक्सिजन शिरतो आणि मोडतोड पुढे चालू राहते. धागा कडक होतो, ताणायच्या आधीच तुटतो. दोराचा गाभा आवरणाच्या सावलीत असतो, धाग्यात ऊन सोसायला मदत करणारं रसायन, स्टॅबिलायझरही असतो. त्यामुळे दोर तितक्या लवकर जात नाही, एवढं मान्य. स्लिंग म्हणजे पातळ पट्टी. तिचे बहुतेक धागे उघड्यावर, आणि शिवणीचा दोरा तर सगळ्यात वर.

आता ते ‘ओढून बघा’. ईएन ५६६ या युरोपीय मानकाप्रमाणे नव्या शिवलेल्या स्लिंगने किमान २२ किलोन्यूटन पेलायला हवेत, म्हणजे साधारण २२०० किलो. दोघांनी पाय रोवून ओढलं तरी जोर शंभर-दीडशे किलोचा. नव्वद टक्के ताकद गेलेली स्लिंगसुद्धा यात पास होते! मग ८० किलोचा गडी रॅपल करताना, म्हणजे दोरावरून खाली उतरताना, मध्येच ब्रेक मारतो, झटक्याने भार दुप्पट होतो, तोही कातळाच्या धारेवर.

रंगाचं म्हणाल तर तो टिकूनही ताकद जाऊ शकते. गाठ सोडल्यावर आत गडद, बाहेर फिकी दिसली, तर ती बाद. गडद दिसली म्हणून पास नाही.

आणि शंभर वर्षं? गिर्यारोहणाचं सामान बनवणारी पेट्झल कंपनी आपल्या कापडी सामानाला, कपाटात न वापरता ठेवलं तरी, बनल्यापासून जास्तीत जास्त १० वर्षं देते.

तेव्हा ८ मिलिमीटरची नवी कॉर्ड (बारीक दोरी), मायलॉन (स्क्रूने बंद होणारी धातूची कडी) आणि चाकू न्या. जुनी कापून खाली आणा. गाठ डबल फिशरमन, गाठीबाहेरची शेपटं किमान ८ सेंटिमीटर. दोर मायलॉनमधूनच ओवा. थेट स्लिंगमधून खेचलात तर घर्षणाने नायलॉन वितळतं. सगळ्यात वजनदार माणूस आधी उतरवा, ढिला बॅकअप, म्हणजे मुख्य आधार तुटलाच तर पकडणारा दुसरा आधार, ठेवून. बॅकअप काढून शेवटी उतरणारा सगळ्यात हलका.