क्रेडिट आधी की कार्ड आधी?

बंड्याकडे एका विमान कंपनीचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडे जमा असलेली रक्कम, पडून आहे. मागे त्यानंच एक तिकीट रद्द केलं होतं, त्याचं. शिवाय त्याच कंपनीची दोन गिफ्ट कार्डं भेट आलेली. परवा कट्ट्यावर टेकता टेकताच त्यानं जाहीर केलं, "पुढचा प्रवास फुकटात!" झालं. 'फुकट' हा शब्द तात्यांसमोर काढायचा नसतो. उभी हयात बँकेत गेलेला माणूस तो.

"फुकट कसलं रे? तुझेच पैसे ते. कंपनीनं बिनव्याजी वापरले आणि आता उपकार केल्यासारखे परत देतेय, तेही तिच्याच दुकानात खर्च करायच्या अटीवर."

"म्हणजे वापरू नको म्हणता?"

"वापर की! आजच वापर. साठवू नकोस, एवढंच. कंपनी बसली की तुझं क्रेडिट म्हणजे नुसता कागद. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, ब्रिटनची थॉमस कुक त्याच वर्षी सप्टेंबरात. गो फर्स्टची उड्डाणं मे २०२३ मध्ये थांबली. अशा वेळी क्रेडिटवाला रांगेत कुठे उभा असतो ठाऊक आहे? विनातारण धनको म्हणून, म्हणजे तारण न घेता पैसे अडकवून बसलेला, पार मागे."

मंजू तिकिटांच्या बुकिंगचं काम करते. तिनं मान हलवली. "तात्या, कंपनी बुडते कधीमधी. तारीख उलटलेलं क्रेडिट घेऊन येणारी माणसं मात्र मी रोज बघते. आणि त्यातली निम्मी तारीख नीट वाचतच नाहीत. काही कंपन्यांत त्या तारखेच्या आत तिकीट काढलं की भागतं, प्रवास नंतर केला तरी चालतो. काही ठिकाणी प्रवासच त्या तारखेच्या आत व्हावा लागतो. वरून दोन्ही सारखीच दिसतात."

बंड्यानं तिथल्या तिथे मोबाइल काढून मेल शोधायला घेतला. तोवर वकिलानं तोंड उघडलं. (आम्ही त्याला वकील म्हणतो, कोर्टाची पायरी तो चढलेला नाही. पण नियम तोंडपाठ.) त्याचं म्हणणं एवढंच, की मुळात क्रेडिट घ्यायचंच कशाला? विमान कंपनीनं रद्द केलं असेल तर पैसे मागायचे. युरोपात २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम आहे, त्यात प्रवाशाची लेखी संमती असल्याशिवाय व्हाउचर गळ्यात मारता येत नाही. अमेरिकेत २०२४ च्या नियमानुसार परतावा आपोआप यायला हवा: क्रेडिट कार्डावर कामकाजाच्या सात दिवसांत, बाकी मार्गांनी वीस दिवसांत. तरीही प्रवाशानं पैशांऐवजी क्रेडिट पत्करलं, तर ते किमान पाच वर्षं चाललं पाहिजे.

"आणि कोविडमध्ये?" तात्यांनी खडा टाकला.

"तेव्हा आपल्याकडे सुप्रीम कोर्टानं १ ऑक्टोबर २०२० ला निकाल दिला. कंपनी अडचणीत असेल तर क्रेडिट शेल, म्हणजे असंच क्रेडिट, ३१ मार्च २०२१ पर्यंत. पण कोणत्याही मार्गावर वापरता येईल, दुसऱ्याला देता येईल, आणि जून २०२० पर्यंत महिन्याला अर्धा टक्का, पुढे पाऊण टक्का वाढ. वापरलं नाही तर शेवटी पैसे परत."

महिन्याला पाऊण टक्का म्हटल्यावर तात्यांचा चेहरा खुलला. नंतर अर्थातच पुन्हा पडला, कारण बंड्याचं क्रेडिट त्यातलं नव्हे. त्यानं स्वतः तिकीट रद्द केलेलं, आणि ते परतावा न मिळणारं. तिथे बहुतेकदा कंपनी देईल ते पदरात घ्यायचं.

खरी ठिणगी पडली ती पुढे. तात्यांनी सल्ला दिला, की पक्का प्रवास असेल तिथे क्रेडिट वापर, डळमळीत असेल तिथे बँकेचं कार्ड. म्हणजे काही बिनसलं तर पैसे कार्डावर परत येतात. विमान उडालंच नाही आणि कंपनी फोन उचलेना, तर बँकेकडे तक्रार करून व्यवहार उलटवायची वाट असते. क्रेडिटवर कुठली बँक आणि कुठलं काय!

बंड्या म्हणाला, "उलट आहे तात्या. बेत माझ्याकडून डळमळीत असेल, तर मी स्वतः रद्द करणार. साध्या स्वस्त तिकिटाचे पैसे मग बऱ्याचदा कार्डावर येतच नाहीत, त्यांचंही क्रेडिटच होतं. चांगले रोख पैसे त्या खड्ड्यात कशाला घालू? क्रेडिटनं काढलेलं तिकीट रद्द केलं तर क्रेडिटचं क्रेडिट. गेलं काय?"

तात्या क्षणभर गप्प. कट्ट्यावर हे दुर्मीळ.

मला इथे बंड्याचं पटतं, पण अर्धंच. डळमळीतपणा दोन तऱ्हेचा. आपलं मन किंवा आपली रजा डळमळीत असेल तर बंड्या बरोबर. कंपनी किंवा तिचा तो मार्ग डळमळीत असेल तर तात्या बरोबर, कारण कंपनीनं रद्द केल्यावर ज्या वाटेनं पैसे गेले त्याच वाटेनं ते परत येतात. कार्डानं गेले तर कार्डावर, क्रेडिटनं गेले तर पुन्हा क्रेडिट. तात्यांनी आयुष्यभर दुसऱ्या तऱ्हेचीच प्रकरणं पाहिली, म्हणून त्यांना पहिली सुचली नाही, असं मला वाटतं. त्यांना हे मी म्हटलं नाही.

मंजूनं मात्र बंड्याचाही फुगा फोडला. "क्रेडिटचं क्रेडिट होतं खरं, पण बहुतेक वेळा मुदत नव्यानं सुरू होत नाही. मूळ तिकीट काढलं तेव्हापासूनच मोजतात. तुझी तारीख जवळ आली असेल तर डळमळीत बेतावर ते लावणं म्हणजे हातचं घालवणं. आणि क्रेडिटपेक्षा तिकीट स्वस्त निघालं तर उरलेली रक्कम मिळेल की बुडेल, तेही आधी बघ. शिवाय सीट, सामान याला क्रेडिट बऱ्याचदा चालत नाही, तिथे खिशात हात घालावाच लागतो."

"आणि गिफ्ट कार्डं?"

"तुझी विमान कंपनीचीच आहेत, ठीक आहे. नंबर, पिन, आणि आधी शिल्लक तपासायची. बहुतेक ती कंपनीच्या स्वतःच्या साइटवरच चालतात, आमच्यासारख्यांकडे किंवा तुलना करणाऱ्या साइटवर नाही. कुठेही चालणारी प्रीपेड गिफ्ट कार्डं जास्त छळतात. तिकीट कार्डातल्या रकमेच्या जरा वर गेलं की व्यवहार फेल, आणि दोन कार्डांत रक्कम वाटायची सोय क्वचितच असते. ते रिकामं झालं म्हणून कचऱ्यात टाकलं आणि विमान रद्द झालं, की परतावा त्याच मेलेल्या नंबरावर! प्रवास संपेपर्यंत कार्ड जपून ठेवायचं."

वकिलानं मध्येच टाकलं, की फोनवर कुणी 'तिकीट बदलून देतो, गिफ्ट कार्डाचे नंबर सांगा' म्हणालं तर फोन ठेवायचा, तो चोर. यावर कुणाचं दुमत नव्हतं, म्हणून विषय तिथेच संपला.

बंड्याला अखेर मेल सापडला. मंजूनं मोबाइल ओढून घेतला आणि बारीक अक्षर वाचायला लागली. प्रवास त्या तारखेच्या आत सुरू व्हायला हवा, आणि क्रेडिट फक्त बंड्याच्या नावावर. बरोबर बहीण जायची आहे.

"मग सोपं आहे," मंजू म्हणाली. "क्रेडिट तुझ्या नावाचं, ते तुझ्याच तिकिटाला. गिफ्ट कार्डावर नाव नसतं, ती बहिणीच्या तिकिटाला लाव. कमी पडेल ते बँकेच्या कार्डानं भर."

"दोन तिकिटं, दोन पीएनआर," तात्या पुन्हा जागे झाले. "कंपनीनं वेळ बदलली आणि एकालाच दुसऱ्या विमानात टाकलं तर?"

"कंपनीला सांगून दोन्ही बुकिंगमध्ये एकमेकांचे पीएनआर नोंदवून घ्यायचे. पक्की हमी नाही, पण समोरच्याला निदान दिसतं तरी की ही दोघं बरोबर आहेत."

"हमी नाही ना? मग बहिणीलाच विचार, एकटीनं पुढे जायची तयारी आहे का."

बंड्यानं तिथूनच बहिणीला फोन लावला.