‘व्हिनाइल म्हणजे व्हिनाइल’ हे विधान चुकीचे आहे

व्हिनाइल, म्हणजे मागे डिंक असलेली पातळ रंगीत प्लास्टिक फिल्म, कापून अक्षरे व आकृत्या काढणारे कटिंग मशीन नव्याने घेणाऱ्यांसाठी म्हणून एक संदेश गेले काही महिने या गटातून त्या गटात फिरतो आहे. ‘व्हिनाइल म्हणजे व्हिनाइल, विक्रेते नुसती नावे बदलून पैसे काढतात’ असे त्याचे पहिलेच वाक्य आहे आणि त्याखाली सहा सूचना आहेत. मलाही तो तीन-चार वेळा आला आणि प्रत्येक वेळी मी दुर्लक्ष केले. परंतु मागच्या आठवड्यात माझ्या भाचीने त्यातली पहिली सूचना तंतोतंत पाळली आणि एकदाच धुतलेला टी-शर्ट माझ्यापुढे आणून ठेवला. नावातला ‘र’ पूर्णपणे निघून गेला होता, ‘ज’ची कडा वर वळली होती आणि रिकाम्या जागेवर बोट ठेवले की चिकटत होते, कारण फिल्म निघाली तरी डिंक कापडातच राहिला होता व त्यावर धुण्यातले तंतू येऊन बसले होते. तिने स्वतः काहीही चुकवले नव्हते. चूक संदेशात होती, म्हणून त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिली सूचना अशी आहे : ‘स्टिकरच्या व्हिनाइलवर गरम इस्त्री फिरवली की तेच कपड्यावर पक्के बसते, एचटीव्ही वेगळे घेण्याची गरज नाही.’ एचटीव्ही म्हणजे हीट ट्रान्सफर व्हिनाइल, उष्णतेने कपड्यावर बसवायचे व्हिनाइल. इस्त्री केल्यावर स्टिकरचे व्हिनाइल बसल्यासारखे दिसते, एवढे यात खरे आहे, आणि नेमके तेवढ्यामुळेच लोक फसतात. स्टिकरच्या व्हिनाइलचा डिंक दाबाने चिकटणारा असतो व तो काच, धातू, गुळगुळीत प्लास्टिक अशा सपाट पृष्ठभागांसाठी बनवलेला असतो. उष्णतेने तो मऊ होऊन धाग्यांना वरवर धरतो आणि पाण्यात कापड हलले, ताणले गेले की सोडतो. एचटीव्हीचा चिकट थर मात्र उष्णतेने वितळून धाग्यांमध्ये शिरण्यासाठीच तयार केलेला असतो. हे पटत नसेल त्यांनी ओराफोल कंपनीचे ओरॅकल ६५१ या व्हिनाइलचे तांत्रिक माहितीपत्रक काढून पाहावे. स्टिकरच्या कामात हे व्हिनाइल सर्रास वापरले जाते. ती फिल्म पीव्हीसीची असून साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीची आहे आणि ती सोसू शकेल असे कमाल तापमान ८० अंश सेल्सिअस दिलेले आहे. याउलट सायझरचे ईझीवीड, जे पॉलियुरेथेनचे एचटीव्ही आहे, ते सुमारे १५० अंशांवर १० ते १५ सेकंद दाबून बसवायचे असते. निर्मात्याने ८० अंशांची मर्यादा घातलेल्या फिल्मवर त्याच्या जवळपास दुप्पट आकड्याचे तापमान लावायला सांगणाऱ्याने हे माहितीपत्रक उघडलेले नाही, हे उघड आहे.

हा झाला कपड्याचा प्रश्न, आणि कपडा गेला तर दुसरा आणता येतो. चौथ्या सूचनेबद्दल मात्र मी तितक्या शांतपणे लिहू शकत नाही. ‘ज्यांच्या यंत्रात ब्लेडबरोबर लेसरही आहे त्यांनी व्हिनाइल लेसरवर कापावे, कडा अधिक सफाईदार येतात, वास आला तर खिडकी उघडावी,’ असे तीत लिहिले आहे. ही सूचना धोकादायक आहे. पीव्हीसीच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग, सुमारे ५७ टक्के, क्लोरीनचा असतो. लेसर ती फिल्म कापत नाही, जाळतो, आणि जळताना हा क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड वायूच्या रूपाने बाहेर पडतो. ओलावा मिळाला की त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते, आणि ओलावा आपल्या डोळ्यांत, नाकात, घशात व फुप्फुसांत असतोच. खोलीतल्या हवेतही तो असतो, म्हणून यंत्रातल्या धातूच्या पट्ट्या व स्क्रू गंजतात आणि लेसरची भिंगे खराब होतात. उघडी खिडकी यावरचा उपाय नव्हे. ‘एचटीव्ही आहे, म्हणजे चालेल’ हाही निष्कर्ष कोणी काढू नये, कारण काही एचटीव्ही पीव्हीसीचीच असतात. वेष्टनावर किंवा माहितीपत्रकात फिल्म कशाची आहे हे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर ती लेसरखाली ठेवूच नये. ब्लेडने कापताना फिल्म तापत नाही, म्हणून हा वायूही निघत नाही, आणि धार चांगली असेल तर कडाही स्वच्छ येते. माझ्या भाचीच्या यंत्राला लेसरचा जोड बसवता येतो, तिने तो अजून घेतलेला नाही आणि ही सूचना तिच्यापर्यंत आधीच पोचलेली आहे. माझ्या अस्वस्थतेचे कारण तेच आहे.

‘अक्षरे नेहमी आरशातल्यासारखी उलटी कापावीत’ ही दुसरी सूचना अर्धवट आहे. एचटीव्ही मॅटवर, म्हणजे माल धरून ठेवून यंत्रात घालायच्या चिकट पाटावर, ठेवताना चकचकीत पारदर्शक वाहक थर खाली येतो, कापणी मागच्या बाजूने होते, म्हणून तिथे मजकूर उलटा करावा लागतो. स्टिकरचे व्हिनाइल रंगीत बाजू वर ठेवून कापले जाते व ट्रान्सफर टेपने, म्हणजे अक्षरे जागच्या जागी उचलणाऱ्या चिकट पट्टीने, तसेच उचलले जाते, त्यामुळे ते उलटे कापले तर नावही उलटेच चिकटेल. काचेच्या आतून लावून बाहेरून वाचायचे असेल, तेवढाच याला अपवाद आहे.

तिसरी सूचना ब्लेड पूर्ण बाहेर काढून खोल कापण्याची आहे, म्हणजे अक्षरे ‘आपोआप सुटी होतील’. तसे केल्यास मागचा कागद आणि मॅटही कापली जाते, आणि आधारच तुटल्यामुळे नको असलेला भाग सोलून काढण्याचे काम, ज्याला आपण वीडिंग म्हणतो, ते अशक्य होते. फिल्म पूर्ण कापली जावी आणि कागदावर जेमतेम खूण उमटावी, इतकाच दाब हवा. त्यासाठी प्रत्येक नव्या रोलच्या कोपऱ्यात एक सेंटिमीटरचा चौकोन कापून तो वीडिंगच्या हुकाने उचलून पाहावा. देवनागरी लिहिणाऱ्यांसाठी इथे आणखी एक गोष्ट आहे, जी संदेशकर्त्याला सुचलेलीही दिसत नाही. अनेक फाँटमध्ये प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेचे टोक शेजारच्या अक्षरावर थोडे चढलेले असते आणि यंत्र ती दोन्ही टोके वेगवेगळी कापते, त्यामुळे सलग दिसणारी रेघ वीडिंग करताना तुकड्या-तुकड्यांनी निघते. कापण्यापूर्वी सॉफ्टवेअरमध्ये ‘वेल्ड’ करून संपूर्ण शब्दाची एकच बाह्यरेषा करून घ्यावी. अनुस्वाराचा टिंब तरीही सुटाच राहतो, म्हणून फार लहान आकारात तो हुकाबरोबर उडून जाणार हे गृहीत धरावे.

पाचवी सूचना, ‘पर्मनंट व्हिनाइल पाण्यात टिकते, म्हणून पेल्याच्या आतही लावता येते,’ ही दोन वेगळ्या गुणांची गल्लत आहे. पाण्याला दाद न देणे आणि खाद्यपदार्थाच्या संपर्कात सुरक्षित असणे या एकच गोष्टी नव्हेत. हे व्हिनाइल बाहेरच्या बाजूला लावावे आणि तेही ओठ टेकतात त्या कडेपासून खाली. शिवाय लावल्यावर लगेच धुऊ नये. डिंकाची पकड पूर्ण होण्यासाठी ७२ तास थांबण्याची पद्धत आहे.

सहाव्या सूचनेत तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. यंत्र ज्या कंपनीचे, व्हिनाइलही त्याच कंपनीचे घ्यावे लागते असे नाही. मॅटवर ठेवून कापायचे असेल तर क्रिकट, सिल्हूट किंवा ब्रदरच्या यंत्रांत दुसऱ्या कंपनीचे व्हिनाइल योग्य दाब ठेवून उत्तम कापले जाते. क्रिकटच्या काही यंत्रांत मॅटशिवाय कापायचे असेल तर मात्र त्यासाठी बनवलेला माल लागतो. परंतु कंपनी बदलता येते यावरून प्रकारही बदलता येतो असे ठरत नाही. ओरॅकल ६३१ आणि ६५१ एकाच कंपनीची आहेत, तरी ६३१चा डिंक काढता येण्याजोगा असून ते भिंतीसारख्या आतल्या जागेसाठी आहे, तर ६५१चा डिंक कायमचा आहे. ६५१ भिंतीवर लावून नंतर ओढले तर त्याबरोबर रंगाचे पापुद्रे निघू शकतात. भाचीच्या खोलीतल्या भिंतीसाठी आता ६३१ निवडले आहे, आणि टी-शर्टवरचे नाव ती एचटीव्हीने पुन्हा करणार आहे.