केनेडींचा तो लाल फोन १९६२ साली नव्हताच

"रशियाने क्युबात अणुक्षेपणास्त्रं आणली. केनेडींनी लाल फोन उचलला, क्रुश्चेव्हला २४ तासांची मुदत दिली आणि रशियाने शेपूट घातली. बदल्यात दमडीही मिळाली नाही. नेता असावा तर असा!" हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. यंदा तो भाचीच्या वक्तृत्वस्पर्धेच्या भाषणात घुसला, म्हणून हे लिहिणं.

आधी तो फोन. ऑक्टोबर १९६२मध्ये व्हाइट हाउस आणि क्रेमलिन यांच्यात थेट लाइनच नव्हती. लाल नाही, काळी नाही, कसलीच नाही. वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय: तारेचा मजकूर हाताने आकड्यांच्या सांकेतिक लिपीत बसवायचा, मग वेस्टर्न युनियन या तार कंपनीला कळवायचं, की त्यांचा पोऱ्या सायकलवर येऊन तो घेऊन जायचा. पोऱ्या वाटेत कुणा मुलीशी गप्पा मारत थांबू नये, एवढीच प्रार्थना वकिलातीच्या हाती. भाषणात नाट्य हवंच असेल तर ही सायकल घ्या की!

उलट दिशेलाही तीच रड. क्रुश्चेव्हचं २६ ऑक्टोबरचं लांबलचक पत्र मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीतून वॉशिंग्टनला पूर्ण पोचायला जवळजवळ १२ तास लागले. म्हणून तर २८ तारखेला क्षेपणास्त्रं काढून घेत असल्याचा निरोप सरळ मॉस्को रेडिओवर वाचला गेला. फोन हाताशी असता तर हा खटाटोप कोण करेल?

हॉटलाइन आली ती या सगळ्या गोंधळानंतर. २० जून १९६३ला जिनिव्हात करार झाला, ३० ऑगस्टला ती सुरू झाली, आणि तीही टेलिप्रिंटरची, म्हणजे टाइप केलेला मजकूर तारेवरून पाठवणाऱ्या यंत्राची. वॉशिंग्टन, लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी, मॉस्को अशी तार. राखीव म्हणून टँजियरमार्गे रेडिओ. अमेरिकेकडचं यंत्र पेंटागॉनमध्ये, राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर नव्हे. अमेरिकेने इंग्रजीत टाइप करायचं, सोव्हिएतांनी रशियनमध्ये, आणि भाषांतर ज्याने त्याने आपल्याकडे करून घ्यायचं. आवाज मुद्दामच टाळला होता. दुभाष्याचा घाईत एखादा शब्द चुकला किंवा बोलता बोलता कुणाचा पारा चढला, तर निस्तरणार कोण? कागदावर आलेला मजकूर चार जाणत्यांना दाखवून, डोकं थंड ठेवून उत्तर देता येतं. गुप्ततेसाठी छिद्रं पाडलेली कागदी पट्टी असायची, ती एकदाच वापरायची. तारेचं मात्र काही खरं नव्हतं. फिनलंडमध्ये एका शेतकऱ्याच्या नांगराने ती एकदा तोडलीही.

२४ तासांच्या मुदतीत थोडं तथ्य आहे, कबूल. २७ ऑक्टोबरच्या रात्री राष्ट्राध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडींनी दोब्रिनिनना समोर बसवून "उद्यापर्यंत उत्तर हवं" असं सांगितलं होतं. मात्र हे निर्वाणीचं बोलणं नाही, अशी पुस्तीही जोडली होती.

आणि "दमडीही नाही"? क्युबावर हल्ला करणार नाही, ही हमी तर उघड होती. शिवाय त्याच रात्रीच्या भेटीत तुर्कस्तानातली अमेरिकेची १५ ज्युपिटर क्षेपणास्त्रं चार-पाच महिन्यांत हलवायचं ठरलं. अट एकच, याची वाच्यता करायची नाही. सोव्हिएतांनी तोंड बंद ठेवलं आणि एप्रिल १९६३मध्ये ज्युपिटर हललीही.