अरुण साधू ज्योतिषी नव्हते

आज पुन्हा ती रील. ‘सिंहासन’ या राजकीय सिनेमातला तुकडा, खाली ढणढण संगीत आणि वर ठळक अक्षरांत ‘साधूंनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं!’ राज्यात कुणी रुसलं, कुणी आमदार घेऊन हॉटेलात जाऊन बसलं, की ही रील निघतेच. हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते आणि ‘सिंहासन’ कादंबरी लिहिणाऱ्या अरुण साधू नावाच्या बातमीदाराचा दर वेळी कुडमुड्या ज्योतिषी होतो.

अरे, बातमीदार होता तो माणूस! परतवाड्यात जन्म (१९४१), शिक्षण विज्ञानाचं, आणि उमेदीची वर्षं इंग्रजी दैनिकांच्या बातमीदारीत. इंडियन एक्स्प्रेस, टाइम्स ऑफ इंडिया, स्टेट्समन, पुढे फ्री प्रेस जर्नलचं संपादकपद. बातम्या इंग्रजीत, कादंबऱ्या मराठीत. माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे. बातमीत जे बसत नाही, नाव घेऊन छापता येत नाही, पण मंत्रालयाच्या व्हरांड्यात सगळ्यांना ठाऊक असतं, ते कादंबरीत गेलं.

सिनेमाची सुरुवात आठवा. मुख्यमंत्र्यांना निनावी फोन येतो: तुमच्याविरुद्ध कट शिजतोय. रीलवाले यात सस्पेन्स बघतात. राजकीय बातमीदारीत चार वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, असा फोन म्हणजे रोजचं काम. तो आला की आधी तीन गोष्टी बघायच्या: यात फायदा कुणाचा, आजच का, आणि मलाच का. मग ज्याच्यावर आरोप आहे त्याचा गट सोडून दुसऱ्या गटातला माणूस गाठायचा. दोघांचं जुळलं तरी थांबायचं, कारण दोघांनाही पढवणारा एकच असू शकतो. इथेच भले भले फसतात. एका सूत्रावर बातमी लावली की बातमीदार त्या सूत्राचा टपाल्या होतो. आणि उद्या नेत्यांचा समझोता झाला, की खोटा ठरतो तो बातमीदारच. नेते हसत फोटो काढतात.

सिनेमातला बातमीदार दिगू टिपणीस हा असा माणूस आहे. सगळे त्याला सगळं सांगतात. मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीवर डोळा असलेले दाभाडे सांगतात, मुख्यमंत्री सांगतात. छापता येतं किती? दिगू साकारणाऱ्या निळू फुल्यांच्या चेहऱ्यावर जो थकवा आहे तो या हिशेबाचा आहे. शेवटी दिगूचं डोकं फिरतं, ते नेमकं कुणी रीलमध्ये घेत नाही. तिथे टाळ्या मिळत नाहीत ना.

बरं, भविष्याचं बोलू. ‘सिंहासन’ कादंबरी १९७७ची. वर्षभरात, जुलै १९७८मध्ये, वसंतदादांचं सरकार पडलं आणि शरद पवार मुख्यमंत्री झाले. हो, हे मान्य, कुणालाही शहारा येईल. पण त्याआधी साधूंनी काय पाहिलं होतं? वसंतराव नाईकांची अकरा वर्षांहून मोठी कारकीर्द, फेब्रुवारी १९७५मध्ये त्यांचं जाणं, शंकरराव चव्हाण येणं, मे १९७७मध्ये वसंतदादा येणं. खुर्ची हलते कशी, आधी कोण कुणाच्या केबिनमध्ये जाऊन बसतं, दिल्लीहून होकार यायच्या आत मुंबईत काय काय शिजतं, हे सगळं त्या वर्षांत डोळ्यांसमोर घडत होतं. त्याला कुंडली लागत नाही, वही लागते.

आणि ज्यांना ‘अगदी आजचंच’ वाटतं त्यांनी जरा आकडेमोड करावी. तेव्हा विधानसभा २७०ची, बहुमत १३६चं. आज २८८, बहुमत १४५. तेव्हा पक्षांतरबंदी कायदा नव्हता. तो आला १९८५मध्ये. म्हणजे त्या काळी एकेक आमदार सुटा फोडता यायचा, आमदारकी शाबूत. कायदा आल्यावर एक तृतीयांश फुटले तर ‘फूट’ म्हणून चालायचं, २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने तेही गेलं. आता दोन तृतीयांश लागतात, तेही विलीनीकरणासाठी. त्याच दुरुस्तीने मंत्रिमंडळावर १५ टक्क्यांची मर्यादा आली, म्हणजे आपल्याकडे मुख्यमंत्र्यांसकट ४३. त्याआधी नाराजांना गप्प करायला मंत्रिपदांची खिरापत वाटता यायची. आज मोठा गठ्ठा एकदम उचलावा लागतो, म्हणून हॉटेलं लागतात, विधानसभा अध्यक्ष लागतात, कोर्ट लागतं. यातलं काही ‘सिंहासन’मध्ये नाही, असायचं कारणही नाही. त्या निनावी फोनमागे त्या काळाचं गणित आहे.

कादंबरीची भाषा खडबडीत आहे, बायकांची पात्रं पुरुषांइतकी भरलेली नाहीत, हेही ठीक. लिहिणाऱ्याचा एक पाय कायम न्यूजरूममध्ये होता. त्याची किंमत आहेच.

पण खरा राग वेगळाच आहे. रीलवर दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेलांचं नाव असतं, कधी पटकथाकार तेंडुलकरांचं, आणि साधू म्हणजे ‘भविष्य सांगणारे’. सिनेमा (१९७९) एका नाही, दोन कादंबऱ्यांवर उभा आहे, दुसरी ‘मुंबई दिनांक’, हे किती जणांना माहीत आहे? ज्या माणसाने क्यूबाच्या क्रांतीचे फिडेल आणि चे मराठीत आणले, चीनवर ‘आणि ड्रॅगन जागा झाला’ लिहिलं, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पोरांना पत्रकारिता शिकवली, २००७च्या नागपूर साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं, त्याची ओळख एका क्लिपपुरती?

असो. चिडून उपयोग नाही. मुख्यमंत्र्यांच्या केबिनमध्ये वावरलेली हीच नजर ‘झिपऱ्या’ कादंबरीत रेल्वे स्टेशनवरच्या बूटपॉलिशवाल्या पोरांपर्यंत जाते, आणि तिथे ती जास्त हळवी होते, हे वाचलं की माझा तरी राग उतरतो. २५ सप्टेंबर २०१७ला साधू गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहदान झालं.

वाचायचं असेल तर आधी ‘मुंबई दिनांक’, मग ‘सिंहासन’, सिनेमा त्यानंतर. ‘झिपऱ्या’ कधीही. आणि कमेंटमध्ये ‘आजचे दाभाडे कोण’ हा खेळ सुरू केलात तर कमेंट उडवणार, आधीच सांगून ठेवतो.